पंचवीसची खुर्ची चाळीसला

आमच्या बँड क्लबच्या पोकर स्पर्धेत साठ जागा असतात, कारण क्लबात टेबलं सहाच आहेत. एका जागेचे पंचवीस युरो. जिंकणाऱ्याला डुकराची अख्खी खारवलेली मांडी, आणि उरलेली सगळी रक्कम गावच्या संताच्या उत्सवातल्या दारूकामाला. माल्टातले खरे पत्तेबाज समुद्राकाठच्या कॅसिनोत जातात. आमच्याकडे न्हावी, शाळेतले शिपाई आणि पाद्रीबाबांचे मेहुणे येतात, वाईट खेळतात आणि खुशीत हरतात. शेवटी आपलाच पैसा आकाशात फुटायचा असतो, आणि तोही चौकापलीकडच्या क्लबापेक्षा मोठ्या आवाजात.

विस्तीन झेराफाला पोकर येत नाही. तो खिळे-स्क्रू विकतो. उंची पाच फूट एक, तीही रविवारच्या बुटांत. पण जागांची विक्री सुरू व्हायच्या दिवशी पहाटे पाचला घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन क्लबच्या दाराशी बसलेला असे. आठला खजिनदार दार उघडी आणि विस्तीन दहा जागा घेई. एकाने किती घ्याव्यात याला नियम नव्हता. एका संध्याकाळी दहा वेळा हरायची इच्छा कुणाला होईल, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दहापर्यंत सगळ्या जागा संपत. मग उशिरा उठलेले विस्तीनच्या दुकानात येत. त्याचे दर ठरलेले होते. उशिरा उठला, चाळीस. पोराला ताप होता म्हणून उशिरा उठला, तीस. विधवांना पंचवीसच. पलीकडच्या क्लबचा माणूस असेल तर शंभर, वर चार शब्द ऐकून घ्यायचे.

"पंचवीसचे चाळीस! लाज वाटत नाही का रे?" न्हाव्याने एकदा विचारलं.

"पंधरा जागेचे नाहीतच. तीन तास पहाटेच्या थंडीत माझं बूड गारठलं, त्याचे आहेत."

"बूड तुझं, भुर्दंड माझा?"

"मग पुढच्या वर्षी तुझं आण."

हा सगळा पैसा कुठे जाई, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. उत्सवात आमच्या संताची लाकडी मूर्ती सोळा जण खांद्यावर वाहतात. आठ बुटके, आठ उंच. एक तुकडी दमली की दुसरी खांदा देते. बुटक्यांतली पुढची उजवी जागा एकोणीस वर्षं विस्तीनच्या वडिलांची होती. ते गेले आणि त्याच वर्षी क्लबने या जागांचा लिलाव सुरू केला, दारूकामाला पैसा हवा म्हणून. तेव्हापासून अकरा लिलाव झाले. अकराही वेळा ती जागा चिक्कू मांजोन या कंत्राटदाराने घेतली. त्यानेही देवाच्या कृपेने उंची कमीच आणली होती. विस्तीन खुर्च्या विकून जमवलेले पैसे घेऊन बोलीला उभा राही आणि हजाराच्या आसपास खाली बसे.

यंदा मात्र क्लबचे अध्यक्ष, नोटरी शिबेरास, उशिरा उठले. स्वतःच्या क्लबच्या स्पर्धेत बसायला त्यांना साठ युरो मोजावे लागले. नोटरींसाठी वेगळा दर होता, ही बातमी त्यांना तेव्हाच कळली. दुसऱ्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर सभा भरली. ठराव एकच होता: जो माणूस क्लबच्या जागा वाढीव भावाने विकतो, त्याला लिलावात उभं राहू द्यायचं नाही.

मी विस्तीनच्या शेजारीच होतो. त्याने हातातली अर्धी खाल्लेली, चीज भरलेली पास्तित्सी खाली ठेवली. तो पास्तित्सी खाली ठेवणारा माणूस नाही.

"नोटरीसाहेब, एक विचारू?"

"विचार, पण थोडक्यात."

"खुर्चीचा मूळ भाव पंचवीस. मी चाळीसला विकली, ते पाप. बरोबर?"

"लोकांची अडवणूक आहे ती!"

"मान्य. संताखालच्या जागेचा मूळ भाव काय?"

त्या जागेला मूळ भाव नव्हताच. विस्तीनच्या वडिलांच्या वेळी ती फुकट होती.

"पोकरला जो पाचला उठला त्याला जागा पंचवीसला मिळत होती. तुमच्या लिलावात मी कितीही वाजता उठलो, तरी जागा चिक्कूलाच."

"माझं नाव मध्ये का घेतोस?" चिक्कू मागून ओरडला.

"अकरा वर्षं तूच मध्ये आहेस, बाबा."

सभा दोन तास चालली. पाद्रीबाबांना बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि दोन्ही बाजूंना प्रार्थना करायला सांगून ते जेवायला गेले. शेवटी ठरलं की आता सगळंच स्वच्छ करायचं. पोकरची माणशी एकच जागा. आणि लिलाव बंद. मूर्तीखालच्या सोळा जागा रांगेतल्या पहिल्या सोळांना. एकाच दिवसात एवढी नीतिमत्ता आमच्या क्लबने पूर्वी कधी दाखवली नव्हती.

रांगेत पहिला कोण होता आणि त्याने कुठली जागा निवडली, हे सांगायला नकोच. चिक्कू सतरावा आला. तो सरळ विस्तीनपाशी गेला.

"दोन हजार."

"नाही."

"तीन. अरे, तुझ्या दुकानात तेवढे खिळे तरी आहेत का?"

तीन हजारांत विस्तीनच्या दुकानाचं गळकं छप्पर झालं असतं.

"विकायची नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

पण रांगेत उंची कोण मोजतो? पहिल्या आठांची पहिली तुकडी झाली, आणि तिच्यात बुटका एकटा विस्तीन, बाकी आम्ही सात ताडमाड. उत्सवाच्या दिवशी चर्चच्या दारात मूर्ती उचलली. मी विस्तीनच्या बरोबर मागे होतो. मूर्तीचा दांडा त्याच्या खांद्यापासून चांगला चार बोटं वर तरंगत होता. संताचं सगळं ओझं आमच्या सातांवर, आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात विस्तीन दांड्याला हात लावून नुसताच चाललेला, बसमध्ये उभं राहिल्यासारखा. दहा पावलांनी त्याचे कान लाल झाले. बाजूच्या गर्दीतून चिक्कू हे सगळं टक लावून बघत होता.

"ऐका ना," विस्तीन मान न वळवता पुटपुटला, "जरा वाकता का?"

"किती?" मी विचारलं.

"चार बोटं."

सात माणसं गुडघ्यांत वाकली. दांडा टेकला. विस्तीनच्या तोंडून एक हुंकार निघाला, आणि मागून मला त्याचा खांदा खाली दबताना दिसला.

तुकडी बदलेपर्यंत अर्धा मैल आम्ही तसेच वाकून चाललो. बँडवाले जोरात वाजवत होते. सज्ज्यांतून लोक म्हणत होते की यंदा संत किती जवळून दिसतोय. पलीकडच्या क्लबवाल्यांनी विचारलं, तुमच्या माणसांना संधिवात झालाय का? आमच्यात बोलायला श्वासच उरला नव्हता.

चौकाच्या वळणावर शेवटी मीच म्हणालो, "विस्तीन, झालं का तुझं? गुडघे गेले रे."

"अजून थोडं," तो म्हणाला. आणि आम्ही आणखी थोडे वाकलो.