चौदा प्रमाणपत्रं आणि एक सासू

धम्मप्रियानं आजवर काय केलं असं विचारलंत, तर सोलापुरातली तिची सगळी गल्ली एका सुरात सांगेल, प्रशिक्षणं केली! शिवण, अळंबी, मेणबत्त्या, शेळीपालन. बचत गटाला कुठूनही बोलावणं येवो, धम्मप्रिया पुढं. अशी चौदा प्रमाणपत्रं लॅमिनेट होऊन पलंगाखाली निवांत झोपली होती. मुलींच्या एका वसतिगृहाला देखरेखीसाठी बाई हवी असल्याचं कळलं, आणि ती सगळी एका सकाळी खडबडून जागी झाली.

भुवनेश्वरीच्या टायपिंगच्या दुकानात प्रमाणपत्रांचा ढीग टेबलावर आदळला.

"अगं, बायोडाटा करायचाय का पोथी?" भुवनेश्वरी म्हणाली. "वसतिगृहात शेळ्या कशाला लागतात?"

"पोरी हायत की! त्या काय कमी उधळत्यात?" सोबत आलेली सासू नागूबाई म्हणाली. "समदी लिव."

हसताहसता शेळ्या गेल्या, अळंबी गेली, मेणबत्त्या विझल्या. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र मात्र धम्मप्रियानं हातातच धरून ठेवलं. वसतिगृहाच्या जाहिरातीत नेमकं तेच मागितलेलं. गटानं नाव तिचं दिलं होतं, पण प्रशिक्षणाचे तीन दिवस ती माहेरी मोहोळला होती. गटाची जागा रिकामी राहू नये म्हणून तिच्या नावावर नागूबाई जाऊन बसली होती.

"कागदावर नाव तुजंच हाय," नागूबाई कुजबुजली.

"आत्या, मला साधी पट्टी बांधता येत न्हाय."

"एवढंच व्हय?"

नागूबाईनं पदर खोचला. भुवनेश्वरीला बाकावर आडवं केलं, ओढणीनं तिचा हात गळ्यात बांधला. मग सुनेकडून तेच दहादा करून घेतलं. झेरॉक्सला आलेल्या एका मास्तरांचा धडधाकट अंगठाही सुटला नाही. तासाभरात सून तयार, आणि दुकान हसून हसून लोळायला आलेलं.

"आता लिव!"

"कागद तरी खोटाच की, आत्या." धम्मप्रिया भुवनेश्वरीकडं वळली. "ते प्रमाणपत्र नको. लिही, प्रथमोपचार सासूबाईंकडून शिकले."

मुलाखतीत अधीक्षिकाबाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"सासूबाई कुठं शिकल्या?"

धम्मप्रियानं सगळं सांगितलं, मास्तरांच्या अंगठ्यासकट. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, हसूच आवरेना.

"सोमवारपासून या. सासूबाईंनाही आणा एक दिवस. मुलींना शिकवतील."

धम्मप्रिया धावतच घरी आली. निरोप ऐकून नागूबाई म्हणाली, "मला अडाणीला कोन बलावतंय, चेष्टा करतीस व्हय?" आणि सोमवार चार दिवसांवर असताना नवं इरकल लुगडं अंगाला लावून आरशापुढं उभी राहिली.