अकरा नंबरचा भोंगा

ऑफिसची जीप दारात थांबली तेव्हा भोंगेकाका गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत अर्धे आत वाकून बॉलकॉक बसवत होते. सुनेनं खालून हाक मारली. निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेल्या माणसाकडे ऑफिसातून कोणी आपण होऊन येत नाही, जीप घेऊन तर नाहीच. त्यामुळे सुनेच्या हाकेत काळजी होती आणि शेजाऱ्यांना ऐकू जावं एवढा रुबाबही होता. काका हात पुसत जिना उतरले. पुढच्या खोलीत एक तरुण इंजिनिअर बाई उभ्या होत्या. त्यांच्या काखेत पुठ्ठ्याची जाड वही होती. वहीवरचं अक्षर काकांनी चौथ्या पायरीवरूनच ओळखलं. त्यांचंच होतं.

"काका, भोंगे शोधायचेत," बाई म्हणाल्या.

मग चहा निवेपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. वरच्या धरणाच्या एका दरवाजाला तडा गेला होता. तो आपण होऊन फुटण्याआधी रविवारी दहा वाजता उघडायचा आणि पाणी सोडून द्यायचं ठरलं होतं. नदीकाठच्या खालच्या वसाहतीतल्या माणसांनी तासभर आधी चढावर यायला हवं होतं. पण ती सगळी वसाहत गिरण्यांत रात्रपाळी करणारी. दिवसा दारं लावून, फोन बंद करून मेल्यासारखी झोपणारी. दारोदार जायला माणसं अपुरी, नवे भोंगे अजून वाटेतच. तेव्हा कोणाला तरी युद्धाच्या धास्तीनं बसवलेले जुने भोंगे आठवले. नकाशा केव्हाच गहाळ झालेला. हाती राहिली ती एवढी वही, आणि तिच्यात फक्त नंबर होते. कुठला नंबर कुठल्या छपरावर, ते एकट्या काकांच्या डोक्यात होतं.

काकांनी वही हातात घेतली नाही. बशी पुढे सरकवायच्या निमित्तानं त्यांनी हात गुंतवून ठेवले.

बाविसाव्या वर्षी ते या कामाला लागले. चौदा भोंगे, एक शिडी, एक तेलाची बुधली. महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता, कंट्रोल रूममधला साहेब बटण दाबायचा आणि अख्खं उपनगर मिनिटभर कानात बोटं घालायचं. भोंगा खरंच फिरला का हे बघायला साहेब कधी छपरावर चढला नाही. त्याच्यासमोर मीटर होते. काटा उडाला की मोटरनं वीज घेतली, आणि मोटरनं वीज घेतली की भोंगा चालू. काकांनी वहीत तसं लिहायचं आणि सही करायची. इतका मोठा आवाज सांभाळणारा हा माणूस स्वतः इतका हळू बोलायचा की शेजारी म्हणायचे, काका आपला आवाज ड्यूटीवरच ठेवून येतात.

अकरा नंबर लाँड्रीच्या छपरावर होता, आणि तेव्हा काकांचं घर लाँड्रीसमोरच. वीस वर्षांपूर्वी भोंग्यांचा विभाग बंद होऊन काका दुसऱ्या खात्यात गेले. त्याच्या चार वर्षं आधी काकूंच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, शांतता हवी. पहिल्याच सोमवारी भोंगा वाजला तेव्हा काकूंनी पलंगाची कड अशी धरली की त्यांची बोटं नंतर काकांना एकेक करून सोडवावी लागली. दुसऱ्या दिवशी काका शिडी लावून चढले आणि मोटर व वरचं चाक जोडणारी खीळ त्यांनी काढून घेतली. आता मोटर नुसतीच फिरायची, काटा उडायचा, भोंगा गप्प. बाकीच्या तेरांच्या गदारोळात एक कमी झाल्याचं कोणाला कळलं नाही. तेव्हा खाली वसाहत नव्हती, गवताचं कुरण होतं. काका मनाशी म्हणाले, ही बरी झाली की लावू परत. काकू दीड वर्षात गेल्या. खीळ राहिली ती राहिलीच. आणि वहीत दर महिन्याला अकरापुढे लिहिलं जात राहिलं: चालू.

हे आजवर त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

जीपमधून जाताना बाईंनी विचारलं, खालच्या वसाहतीला जवळचे भोंगे कोणते. तीन आणि अकरा, काका म्हणाले.

शोध मात्र त्यांनी मन लावून केला. रस्त्याच्या मधोमध उभं राहून ते मान वळवायचे, पूर्वी आवाज कुठल्या बाजूनं कानावर आदळायचा ते आठवायचे आणि बोट दाखवायचे. एक नंबर शाळेच्या गच्चीवर मनीप्लँटच्या जाळीत गुरफटलेला सापडला. चार नंबरवर बेकरीवाला पिठाची रिकामी पोती वाळत घालत होता. आपण याला इतकी वर्षं चिमणीची टोपी समजत होतो, असं तो म्हणाला. पाचच्या जागी गच्चीत नुसते चार बोल्ट उरले होते. भोंगा भंगारात गेला होता. बंद थिएटरवरचा सहा नंबर जाहिरातीच्या फळीमागे होता. प्रत्येक ठिकाणी वायरमन क्षणभर वीज द्यायचा आणि हातातला मीटर बाईंपुढे धरायचा. भोंगा पूर्ण वाजवून बघायला सक्त मनाई होती. दोन वर्षांपूर्वी एका अफवेनं बाजारात चेंगराचेंगरी झाली होती, तेव्हापासून साहेब लोक आवाजाला घाबरून होते, आणि वसाहतीलाही आधी काही कळवायला तयार नव्हते. काटा उडाला की बाई यादीत लिहीत होत्या: चालू.

तोच शब्द. काका दर वेळी यादीकडे पाठ करून पुढच्या छपराकडे निघत होते.

लाँड्री जवळ यायला लागली तसं काकांनी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं ते मागितलं. अकरा नंबर चोरीला गेलेला असू दे. भंगारवाल्यानं नेलेला असू दे. म्हणजे बाई म्हणतील, इथे काही नाही, वसाहतीत माणसं पाठवा, आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही.

भोंगा जागच्या जागी होता. इतकंच नव्हे, त्याला नवाकोरा हिरवा रंग होता. लाँड्रीवाला इस्त्री ठेवून वर आला आणि काकांना बघून त्याचा चेहरा उजळला. रंग तोच दरवर्षी देत होता. नाहीतर गंजाचे ओघळ यायचे नेमके त्याच्याच चादरींवर. "वहिनी त्या खिडकीत बसायच्या," तो समोर बोट दाखवून म्हणाला. काकांनी तिकडे पाहिलं नाही.

वायरमननं वीज दिली. आत मोटर गुंगुं करून थांबली. काटा झकास उडाला.

बाईंनी लिहिलं.

"बाई, हा उघडून बघू या," काका म्हणाले.

"कशाला? काटा उडाला की."

"जुना आहे."

"सगळेच जुने आहेत, काका. अजून तीन जागा राहिल्यात आणि मला उजेडी धरणावर पोचायचंय." बाईंनी वहीचं शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. "हे बघा, अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत तुम्हीच चालू लिहिलंय. तुमच्या सहीवर नाही विसंबायचं तर कोणाच्या?"

काकांनी भोंग्याचा खांब धरला. खाली, उतारापलीकडे, वसाहतीची पत्र्याची छपरं एकाला एक चिकटून पसरली होती. एकाही खिडकीचा पडदा उघडा नव्हता. भरदुपारी सगळी वस्ती झोपली होती.

"ती सही खोटी आहे," ते म्हणाले.

नेहमीसारखंच हळू बोलले होते, तरी लाँड्रीवाल्यापर्यंत ऐकू गेलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. खीळ, काकू, चार वर्षं. सांगायला तीन मिनिटंही लागली नाहीत.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "आणखी कोणते?"

"एवढा एकच."

"हे मी कशावरून मानू?"

छत्तीस वर्षांची नोकरी पाठीशी होती, आणि एका शब्दाला टेकू देता येत नव्हता.

बाईंनी तिथेच फोन लावला. सापडलेले सगळे भोंगे उघडायचे, उद्या संध्याकाळच्या आत. दोन फिटर हवेत. काकांकडून त्यांनी लेखी घेतलं, लाँड्रीच्या इस्त्रीच्या टेबलावर, आणि सोमवारी चौकशीला यायला सांगितलं. "आणि उद्या सकाळी सातला यायचं. शिडी धरायला माणूस हवाय," एवढं बोलून त्या जीपमध्ये बसल्या.

अकरा नंबर त्याच संध्याकाळी उघडला. खिळीच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. फिटरनं ते खरवडलं, एक बोल्ट कानशीनं घासून बसवला आणि चाक हातानं फिरवलं. चाकातून म्हाताऱ्या माणसानं उठताना काढावा तसा सूर निघाला. काकांनी तो चोवीस वर्षांनी ऐकला.

शनिवारी दुपारपर्यंत पाच भोंगे उघडून झाले. पाचही ठीक निघाले. फिटर आता काकांची थट्टा करायला लागले होते, की काका, कबुली जरा महागच पडली हो आम्हाला. मग तीन नंबर उघडला. वसाहतीच्या वरच्या गल्ल्या याच्याच टापूत येत होत्या. मीटरचा काटा याच्याइतका कोणाचाच उडाला नव्हता. झाकण काढलं तर बेअरिंग गंजून चाकाला घट्ट धरून बसलेलं. दोघांनी जोर लावला तरी ते तसूभर हललं नाही.

"अडकलेली मोटर दुप्पट वीज ओढते," थोरला फिटर म्हणाला. "काटा उडणारच की."

काका गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसले. खीळ त्यांनी काढली होती, ती निदान त्यांना ठाऊक होती. हा भोंगा केव्हा मुका झाला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कदाचित त्यांच्याच कारकिर्दीत, त्यांच्याच सहीखाली, ते काट्याकडे बघत असताना. बाई शिडीवरून वर आल्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि यादीतला आपलाच शब्द खोडला. बाजाराकडच्या आठ नंबरचं बेअरिंग काढून इथे बसवायचं ठरलं. ते बसायला संध्याकाळचे सहा वाजले.

घरी सुनेला बातमी आधीच पोचली होती. लाँड्रीवाल्याची बायको तिच्या ओळखीची. सुनेनं पान वाढलं, पाणी ठेवलं आणि समोर बसली.

"आईंसाठीच केलंत ना, बाबा. सांगा तसं चौकशीत."

"खीळ काढली ती तिच्यासाठी," काका म्हणाले. "खोटं लिहिलं ते माझ्यासाठी. ती गेल्यावरही अडीच वर्षं लिहिलं."

सुनेनं त्यांच्या पानात आणखी भात वाढला. ते नको म्हणाले तरी वाढला.

रविवारी नऊला पाच मिनिटं असताना काका वसाहतीच्या अगदी शेवटच्या गल्लीत, नदीच्या बाजूला उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बाई वर कंट्रोल रूममध्ये बटणाशी होत्या. गल्लीत दोन्ही बाजूंना बंद दारं, दारांबाहेर कामाचे मळके बूट. एका घरातून घोरणं ऐकू येत होतं. हातानं फिरवलेलं चाक वेगळं आणि विजेनं फिरलेलं वेगळं. घासलेला बोल्ट पहिल्या झटक्यात तुटला तर?

नऊ वाजले. काही नाही.

मग खूप खालून, जमिनीतून यावा तसा एक सूर उठला. चढला, रुंदावला, पत्रे थरथरायला लागले. हा अकरा. काकांनी डोळे मिटून मान वरच्या गल्ल्यांकडे वळवली आणि वाट पाहिली. एक श्वास, दोन श्वास. उत्तरेकडून दुसरा सूर आला, जरा बसका, जरा उशिरा. तीन.

तरी दारं बंदच. काकांनी शेजारच्या दारावर मूठ मारली, मग पुढच्या. तेवढ्यात पलीकडची एक कडी वाजली, मग दोन, मग गल्लीभर कड्या वाजायला लागल्या. बनियनमधली माणसं डोळे चोळत बाहेर आली. बायांनी पोरं काखेत मारली. कोणी तरी एका म्हातारीला खुर्चीसकट उचललं. काका चढाकडे हात करून एकच वाक्य सांगत होते, पाणी येतंय, चढावर चला, आणि त्या आवाजात त्यांचं कोणालाच ऐकू जात नव्हतं. पण माणसं छपराकडे बघत होती आणि चालत होती.

गल्लीच्या तोंडाशी एक धिप्पाड माणूस गादीची वळकटी डोक्यावर घेऊन धापा टाकत होता. बारा तासांची पाळी करून तो नुकताच आडवा झाला होता. काकांच्या कानाशी तोंड आणून तो ओरडला, कोणा मूर्खानं हे कारटं छपरावर आणून ठेवलंय, त्याचं थोबाड बघायचंय मला.

काकांनी त्याच्या वळकटीचं एक टोक धरलं. तो शिव्या घालत चढ चढत राहिला, आणि काका त्याच्यामागून.