ज्या कामाला आईचं नाव द्यायला कोणी तयार नव्हतं

त्या रविवारी मी बुद्धरूपासमोर बसले, पण हात जोडले नाहीत. चाळीस वर्षं त्रिशरण म्हणतेय, आणि त्या दिवशी तोंडातून एक अक्षर निघेना. कानशिलं तापली होती नुसती. राग माझ्या मुलावर होता, त्याच्या परदेशातल्या मंडळावर होता, आमच्या विहाराच्या कमिटीवर होता, आणि खरं सांगते, समोर डोळे मिटून बसलेल्या त्या मूर्तीवरही होता. मनात म्हटलं, तुम्हाला काय जातंय, तुम्ही बसा शांत.

बदलापूरला बेलवलीत आमचं छोटं विहार आहे. वर एक खोली, तिथे वस्तीतल्या पोरी अभ्यासाला बसतात. घरी एकच खोली, टीव्ही चालू, पाहुणे चालू, त्यात पोरीने पुस्तक उघडायचं तरी कुठे? अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगला होते, तिथून रिटायर झाल्यावर, आधी पोरं-पोरी आपापली येऊन बसायची त्या खोलीत मी ही अभ्यासिका सुरू केली. आमच्या वस्तीतली काही मुलं शिकून मस्कतला, दुबईला, इंग्लंडला गेली आणि तिकडून इथल्या कामांना मदत करायची म्हणून त्यांनी मंडळ काढलं. चांगली पोरं आहेत, नाही कशाला म्हणू? पंखे त्यांनी दिले, पुस्तकं दिली, पाण्याचं मशीन दिलं. मंडळाचा अध्यक्ष माझाच मुलगा, मँचेस्टरला असतो.

फक्त विहारात संडास नव्हता. पाण्याचं मशीन होतं आणि पोरी घोटभर पाणी पीत नव्हत्या, कारण प्यायलं की जायचं कुठे? साक्षी नावाची मुलगी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. चार-चार तास धरून बसायची. शेवटी लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप चढला, आणि तिच्या आईने तिला घरी बसवून टाकलं. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली, आणि ही संधी गेली तर मामाने आणलेलं स्थळ तयारच होतं. म्हणून मी मंडळाकडे संडास मागितला. आणि मंजूर काय झालं, तर कमान! दगडी, नक्षीची, हमरस्त्यावरून दिसेल अशी.

आमच्यात दान कोणाच्या तरी स्मृतीत देतात. वंदना झाली की माइकवर नाव घेतात, नंतर ते पाटीवर कोरतात. रीत चांगलीच आहे, पण तिच्यापायीच घोडं अडलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, संडासावर आजीचं नाव लावू का? लोक काय म्हणतील?" म्हणजे माझ्या सासूबाई कमानीवर मिरवणार आणि पोरी ताप घेऊन घरी पडणार. मी फोन कट केला. असल्या विकासाला आग लागो, असंही बोलले असेन.

त्या रविवारी दुपारी कमानीचं पक्कं करायला व्हिडिओवर मीटिंग होती. मी आधीच जाऊन धुमसत बसले होते, तेवढ्यात दारात एक बाई आली. माझ्याच वयाची, साधी सुती साडी, हातात पिशवी. चामटोलीला बहिणीकडे निघाली होती, रिक्षा मिळत नव्हती. म्हणाली, "ताई, बाथरूम आहे का इथे? शुगर आहे मला, कंट्रोल होत नाही." नाही म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला घरी घेऊन गेले, मग चहा टाकला, आणि चहा पिता पिता मनातलं सगळं तिच्यापुढे ओकले. ती मूळची उल्हासनगरची. वीस वर्षं बहारीनला हॉस्पिटलात साफसफाईचं काम करते, सुट्टीवर आलेली. सगळं ऐकून घेतलं. कप विसळून ठेवला आणि म्हणाली, चला, मीपण येते मीटिंगला.

विहारात कमिटीची माणसं फोन टेकवून बसली होती. मुलगा कमानीचा नकाशा दाखवत होता. मी मध्येच तोंड उघडलं. म्हटलं, तुम्हाला पोरी शिकायला नकोत, तुम्हाला फोटो हवाय. आवाज चढला तो उतरेचना. सेक्रेटरी म्हणाले, ताई, बुद्धासमोर असले विषय नकोत. त्यावर ती बाई उठली आणि फोनसमोर जाऊन उभी राहिली.

"जयभीम. माझी आई उल्हासनगरच्या बराकीतले संडास साफ करायची. जिंदगीभर. आणि स्वतःला जायचं तर अंधार पडायची वाट बघायची. भागीरथी नाव तिचं. खर्च माझा, तुम्ही त्या संडासावर तिचं नाव लावा. मोठं कोरा."

मग मुलगा खाली बघत म्हणाला, "मी तिथे अभ्यासाला बसायचो तेव्हा मागच्या नाल्याकडे जायचो. पोरी कुठे जायच्या, ते मी कधी विचारलंच नाही."

कमान मागे पडली. तीन आठवड्यांत संडास उभा राहिला, आतून कडी, नळाला पाणी. साक्षी परत आली, परीक्षेला बसली आणि आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पौर्णिमेला सेक्रेटरींच्या तोंडून तो शब्द निघेना, म्हणून माइक मी घेतला आणि ठणकावून सांगितलं, भागीरथीबाईंच्या स्मृतीत संडास. सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं, सेक्रेटरींनीसुद्धा.

आम्ही चमत्कार मानत नाही आणि यालाही मी तसं म्हणणार नाही. बाईला घाई लागली, ती समोरच्या दारात आली, बस्स. पण तेव्हापासून त्रिशरण म्हणताना मी अडखळते. मंडळाला मागण्यांची यादी पाठवली तेव्हा संडास मीच सगळ्यात खाली लिहिला होता, तोही 'स्वच्छतेची सोय' असा गोड करून. लाज मलाही वाटलीच होती. आणि मदत यावी तर माझ्याच लेकाच्या हातून, त्याने माझं ऐकूनच, हा हट्टही माझाच. शरण जायचं म्हणजे तो हट्ट खाली ठेवायचा, एवढं मला आता कळतं. राग अजून येतो, पण मी त्याला मूर्तीपुढे लपवत नाही.

एक गोष्ट मात्र खुपते. ती बाई त्याच आठवड्यात परत गेली. खर्च तिने बहिणीच्या हाती पाठवला, त्या बहिणीचाही पत्ता मी घेतला नाही. कोणी काही विचारत नाही म्हणून जगावर तणतणणारी मी, त्या बाईला घरी नेलं, चहा पाजला, माझंच रडगाणं ऐकवलं, पण तिचं स्वतःचं नाव विचारलं नाही. रोज वंदनेनंतर सगळ्यांचं मंगल चिंतताना तिच्यापाशी आले की थांबते आणि म्हणते, भागीरथीबाईंच्या लेकीचं भलं होवो.