शांतवनरावांची नम्रता

शांतवनराव गायकवाड चर्चमध्ये नेहमी शेवटच्या बाकावर बसत. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींसाठी पुढे खुर्च्या होत्या, पण "आपण धूळ. धुळीनं दाराशीच पडावं," असं ते म्हणत. या धुळीसाठी बाकावर एक निळी गादी मात्र होती, आणि तिथे दुसरं कोणी बसलं की शांतवनराव त्याच्याकडे इतक्या प्रेमाने बघत उभे राहायचे की तो आपणहून उठायचा.

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या लहानशा मंडळीत ते वडील होते आणि मी चिटणीस. "माझ्याएवढा क्षुद्र माणूस या मंडळीत सापडायचा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा बाहेरून आलेल्या उपदेशकांनी त्यावर मान डोलावून "खरं आहे, बंधू," म्हटलं. त्यांना आमच्याकडे पुन्हा बोलावणं गेलं नाही.

दोन हजार सालानंतर पश्चिमेला जुन्या चाळी पाडून इमारती उठू लागल्या. चर्चशेजारच्या इमारतीवर बारवी धरणाकडच्या पाड्यातली हिराबाई मजुरीला होती. एका रविवारी गाणं ऐकून ती आत आली आणि दाराजवळची पहिली रिकामी जागा बघून बसली. पायांना सिमेंट होतं. शांतवनराव बाहेर लोकांना सलाम करत होते, ते आत आले आणि हात जोडून वाकले.

"ताई, ही पापी माणसाची जागा आहे. तुम्ही पुढं बसा, मानानं."

हिराबाई थोडी सरकली. "मंग या की. मी पन तसलीच. दोघं मावू."

शांतवनरावांनी अख्खी उपासना उभ्याने केली.

पुढच्याच बैठकीत त्यांनी स्वच्छतेचा विषय काढला. बाहेरून येणाऱ्या मजुरांसाठी वऱ्हांड्यात चटई टाकावी, त्यांना मोकळी हवा मिळेल, असं ठरलं. कोणासाठी ते सगळ्यांना कळलं होतं. ठराव मी लिहिला. 'मजूर' शब्द बरा दिसेना, म्हणून मी 'अतिथी' घातलं. शांतवनरावांनी माझी पाठ थोपटली. हिराबाई दोन रविवार चटईवर बसली, तिसऱ्या रविवारी आली नाही.

घरी मी शांतवनरावांची नक्कल करायचो. हात जोडणं, वाकणं, "आपण धूळ." बायको हसून हसून दमायची. एका संध्याकाळी त्यांची बायको सुशीलाबाई काही कामासाठी आल्या आणि दारातच थांबल्या. त्या बालवाडीत शिकवायच्या, फारसं बोलत नसत.

"नक्कल छान करता," त्या म्हणाल्या. "पण 'अतिथी' हा शब्द त्यांचा नव्हता." मी जोडलेले हात सोडले. मग त्याच म्हणाल्या, "शनिवारी हिराबाईकडे चाललेय. येता?"

बदलापूरहून जीपने गेलो. हिराबाई खाचरात भाताची लावणी करत होती. मी बांधावर उभा राहून वाटेत जुळवलेली वाक्यं म्हटली: आमच्याकडून चूक झाली, आपण मोठ्या मनाने वगैरे.

"चटईचं बोलता व्हय?" हिराबाई कंबर सरळ करून म्हणाली. "बसाया तर दिलंत. थितलं काम सरलं, मी गावाला आले."

माफी मागून मोठं होण्याची माझी संधी तिने सहज घालवली. तोवर सुशीलाबाई लुगड्याचा काष्टा खोचून चिखलात उतरल्याही होत्या. "अशी नाय, बाय, अजून वाक," हिराबाई त्यांना रोप कसं धरायचं ते दाखवत होती. मी बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि तसाच बांधावर उभा राहिलो.

पुढच्या रविवारी शांतवनरावांनी उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिली, "आमच्या घरानं चिखलात उतरून सेवा केली. गाजावाजा मात्र नको." साक्ष अर्धा तास चालली. ठराव त्याच महिन्यात सुशीलाबाईंनी रद्द करून घेतला.

दोन वर्षांनी शांतवनराव हृदयविकाराने गेले. दफनाच्या वेळी पाळकांनी मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "शांतवनराव नम्र होते." आणखी बरंच बोललो, दोन बायका रडल्या.

परतताना सुशीलाबाई माझ्या शेजारून चालत होत्या.

"तुम्ही खोटं बोललात," त्या म्हणाल्या. "ते नम्र नव्हते. तीस वर्षं जमलं नाही त्यांना." थोडं पुढे गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण त्यांना निदान व्हायचं तरी होतं."