पुरीला कार्तिकात

थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरांत काका आमचे शेजारी होते, सचिवालयात कारकून. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण संध्याकाळी अंगणात खाट टाकली की पुरीच्याच गोष्टी चालायच्या. "पुरीला कार्तिकातच जायचं, भैया. धूप एकदम नरम, वाळू कोमट." डोळे मिटून, एकेक शब्द लांबवत ते सांगायचे आणि आमच्या कोरड्या ग्वाल्हेरात मला लाटा ऐकू यायच्या. आत पोळ्या लाटणाऱ्या काकूंचा हात थांबायचा.

मग छप्पन साली नवं राज्य झालं, राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली. तिथे ताबडतोब हजर व्हा, असा हुकूम काकांना आला तेव्हा कार्तिकच चालू होता. त्यांनी रजेचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "आत्ता गेलात तर बढती हातची जाईल."

"जाऊ द्या," काका म्हणाले आणि काकूंना घेऊन पुरीला गेले.

ते परतल्यावर भोपाळला न्यायचं सामान बांधायला मी मदतीला गेलो. "काका, कसा होता समुद्र?"

ते हसले आणि सामानाची दोरी आवळू लागले. काकू म्हणाल्या, "अरे, तिथे तीन दिवस हे एक शब्द बोलले नाहीत. माझा हात धरून बसले होते, सगळ्यांसमोर."