रिकामा रकाना

वॉर्ड ऑफिसात शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा आराखडा लावला होता. लोकांना हरकतीचे फॉर्म भरून द्यायला कॉलेजने मला तिथे बसवलं होतं. कांजूरमार्गच्या एक मावशी चपला दाराबाहेर काढून आत आल्या आणि नकाशाला न शिवता त्यावर बोट फिरवत राहिल्या. त्यांच्या वस्तीच्या जागी रुंद रस्ता आखलेला होता.

"बाळा, वीस वर्षांनंतरचं सगळं दाखवलंय. आज आम्ही राहतो ते कुठंय रे?"

फॉर्मवर जागेचा क्रमांक मागितला होता. वस्तीला तो नव्हताच, म्हणून मी रकाना रिकामा सोडला. कारकुनाने न वाचताच शिक्का मारला.

पोचपावती पदरात बांधत त्यांनी आशेने माझ्याकडे बघून विचारलं, "आता घर वाचेल ना?"

आमच्या घरात फॉर्म भरता येणारा मी पहिलाच. आईही माझ्याकडे असंच बघते.

मी "हो" म्हणालो.