पणजी पुतळाबाई

आखातातल्या अल् खुवैरच्या ऑफिसात अमेरिकन डग्लसनं मोबाइलवर पुन्हा तोच फोटो दाखवला. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले त्याचे खापरपणजोबा आणि शेजारी त्यांची बायको हॅना. तिचं माहेर, तिचं थडगं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. शेजारच्या टेबलावरच्या भीमरावांचा मात्र जळफळाट झाला. त्यांचेही पणजोबा पलटणीत सुभेदार होते, पण पणजीचं साधं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी येताच त्यांनी दापोलीच्या आत्याला फोन लावला.

"आत्ये, सुभेदारांच्या बायकोचं नाव काय गं?"

"माज्या आजीचं? पुतळा. विंग्रज सरकारनं पलटनीत आपल्या जातीची भरती बंद केली तवा आजा खचला, पन तिनं पोरांना शाळेत घातलं. मला मांडीवर घेऊन पलटनीची गानी म्हनायची."

दुसऱ्या दिवशी भीमरावांनी मुद्दाम जाऊन डग्लसला हे सांगितलं.

"तिच्या मांडीवर खेळलेलं माणूस तुमच्या घरात अजून आहे?" तो म्हणाला. "हॅनाचा आवाज कसा होता, ते आमच्यात कुणालाच माहीत नाही."

त्याच्या बोलण्यातली असूया भीमरावांनी बरोबर ओळखली. त्यांना त्याची कीव आली, पण त्याहून जास्त बरं वाटलं.